४५ दिवसांच्या आत

मार्च महिन्यात माझ्या टेबलावर दोन प्रकारचे कागद येतात. पहिल्या आठवड्यात महिला दिनाच्या कार्यक्रमांची निमंत्रणं आणि शेवटच्या आठवड्यात क्लायंटच्या क्रेडिटर्सच्या याद्या. निमंत्रणांवर ‘उद्योगिनी’, ‘स्वयंसिद्धा’ असले शब्द असतात. याद्यांमध्ये कोणाचे किती पैसे किती दिवस थकलेत ते असतं. मी हिशेब बघणारी बाई. जीएसटीची रिटर्न भरायची, टॅलीतल्या नोंदी तपासायच्या, बँकेला लागणारे तक्ते करून द्यायचे; सदाशिव पेठेत दोन खोल्यांचं ऑफिस. माझा ओढा दुसऱ्या कागदांकडे असणार हे उघड आहे. पण एका वर्षी उद्योजिकांच्या सत्काराचा मोठा समारंभ झाला आणि त्याच समारंभाच्या जेवणाचं बिल केटरिंगवालीला दिवाळीपर्यंत मिळालं नाही. ती केटरिंगवाली माझी क्लायंट. सत्कारमूर्तींच्या यादीत तिचंही नाव होतं. शाल मिळाली, चेक मिळाला नाही. तेव्हापासून दुसऱ्याच्या धंद्याला कोण हात देतं हे मी भाषणांत शोधायचं सोडलं आणि पर्चेस लेजरमध्ये, म्हणजे खरेदीच्या खातेवहीत, शोधायला लागले.

तिथेच मला ताई सापडल्या. म्हणजे ओळख आधीपासूनची. वर्षानुवर्षं त्यांचे हिशेब माझ्याकडे आहेत. पण आपण ज्यांचे आकडे रोज बघतो ती माणसं बऱ्याचदा उशिराच दिसतात.

ताई भोसरीत खोकी बनवतात. कोरुगेटेड बॉक्स, थ्री प्लाय आणि फाइव्ह प्लाय. मोठी गिऱ्हाइकं वाहनांचे सुटे भाग करणारी आहेत, चाकण आणि पिंपरी भागातली. त्यांच्या ऑर्डरवर शेड चालते, तीसेक माणसांचे पगार होतात. नाव लिहायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे. “नाव छापलंस की गेटवर रांग लागंल. आणि रांगेतल्या निम्म्यांना खोकी नको असतील, नुसते पैसे हवे असतील.”

त्यांचं माहेर सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. पावसाने पाठ फिरवलेला मुलूख. लग्न होऊन पिंपरीत आल्या तेव्हा ऐंशीचं दशक होतं, नवरा एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पिंपरी, चिंचवड, भोसरीची शेतं शेडखाली गेली, हे आपण ऐकलेलं असतं. त्या शेडच्या आजूबाजूच्या चाळींमध्ये बायका काय करत होत्या हे कमी ऐकलेलं असतं. टेल्कोच्या कामगारांच्या घरच्या बायकांची गृहिणी संस्था होती. मसाले-लोणच्यांपासून वायर हार्नेसपर्यंतची कामं तिथे चालत. बाकीच्या घरांत सुटं जॉब वर्क चाले. काचेच्या बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून खोक्यात पुठ्ठ्याची जाळी घालतात, ती पार्टिशन जोडायचं काम ताईंनी घेतलं. शेकड्यावर मजुरी. पुठ्ठ्याच्या कडांनी बोटं कापायची. ज्या शेडमधून पुठ्ठा यायचा तिथे जाता-येता त्यांनी मशिनं बघून ठेवली.

पुढे पिनिंगचं, म्हणजे खोक्याच्या कडा तारेच्या पिनांनी जोडायचं, एक जुनं मशीन विकायला निघालं. बँकेत गेल्या तर साहेब म्हणाले, “मिस्टरांना घेऊन या.” मिस्टरांना घेऊन गेल्या तर म्हणाले, “जामीनदार आणा.” शेवटी नवऱ्याच्या कारखान्यातल्या पतसंस्थेतून, नवऱ्याच्या नावावर कर्ज निघालं आणि मशीन आलं. कागद रविवार पेठेतल्या एका व्यापाऱ्याने उधारीवर दिला. पण ताई स्वतःची गोष्ट सांगतात तेव्हा या दोघांवर फार थांबत नाहीत. त्या थांबतात पहिल्या गिऱ्हाइकावर. एक छोटा कारखानदार, वयस्कर माणूस. माल पोचल्यावर त्याने विचारलं, “कामगारांचा पगार कधी करतेस?” ताई म्हणाल्या, दहा तारखेला. “मग चेक सात तारखेला घेऊन जात जा.”

बाकी काही नाही. ना पाठीवर थाप, ना ‘बाई असूनही’. ताईंच्या सगळ्या कारकिर्दीची घडी या एका वाक्यावर बसली आहे असं मला वाटतं. आज त्यांच्या शेडला माल देणारे जे छोटे लोक आहेत (सुतळीवाला, चिकटपट्टीवाली, लाकडी पॅलेट करणारा मुलगा, छपाईचे ठसे करणारी एक बाई) त्यांची बिलं बघा. बहुतेक पंधरवड्यात भागलेली. त्याच महिन्यात ताईंची स्वतःची येणी ९० दिवस, १०० दिवस, काही त्याच्याही पुढे.

हे अंतर जिला कळलं तिला धंदा कळला, असं मी नव्या क्लायंटना सांगते. मोठी कंपनी म्हणते आमची पेमेंट टर्म ९० दिवसांची. कागद गिरणी म्हणते आगाऊ द्या, फार तर १५ दिवस. मधले अडीच महिने कोणी भरायचे? ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसा आहे त्याने. शिवाय बँकेचं गणित वेगळंच. कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठी बँकेतून लागेल तसं उचलायच्या कर्जाची, मर्यादा ठरवताना ९० दिवसांच्या वरची येणी बँक सहसा धरत नाही. म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत की छोट्याला पैसे मिळत नाहीत, आणि पैसे मिळाले नाहीत म्हणून बँकेतून उचलायची सोयही आटते.

कायदा आहे. चांगला कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लिहिलंय की सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रारीला कौन्सिल आहे, २०१७ पासून ऑनलाइन पोर्टल आहे. एवढं असून माझ्या क्लायंटपैकी या कलमाखाली व्याज मागितलेलं मला कोणी आठवत नाही. व्याज मागितलं की पुढची ऑर्डर गेली, हे सगळ्यांना न सांगता कळतं.

मग आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकरात ते ‘४३बी एच’ कलम आलं. या मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळणार नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळेल. त्या मार्चमध्ये माझा फोन थांबत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा खरेदी विभागातली माणसं आपणहून विचारत होती, तुमचा उद्यम नंबर (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा) काय? काहींनी भराभर चेक काढले. काहींनी मात्र छोट्या पुरवठादारांनाच सुचवलं की तुमची उद्यम नोंदणी रद्द करा ना, आम्हाला सोपं जाईल. ताईंकडे असला सल्ला घेऊन एक खरेदी अधिकारी आले होते. त्यांना चहा पाजला आणि दोन वर्षांची थकबाकी छापून हातात दिली. ते गिऱ्हाईक टिकलं. का टिकलं ते मला अजून कळलेलं नाही.

पण मुद्दा ताईंच्या येण्याचा नव्हता, देण्याचा होता. स्वतःला उशिरा मिळत असताना दुसऱ्याला वेळेवर देणं याला रोकड लागते, आणि ती कुठून तरी काढावी लागते. ताईंनी ती स्वतःच्या वाढीतून काढली. त्यांच्या बरोबरीने सुरू झालेल्या दोघांनी ऑटोमॅटिक प्लांट टाकले, चाकणला मोठ्या जागा घेतल्या. ताईंची शेड अजून सेमी-ऑटोमॅटिकच आहे. हा तोटा आहे की नाही, हे मी अनेकदा मनात घोळवलंय. ताळेबंद म्हणतो, आहे.

भोसरीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मशिनं बंद, शेड शांत. गेली बरीच वर्षं गुरुवारची सकाळ ताईंनी नव्या लोकांसाठी राखून ठेवली आहे. याला ‘मेंटॉरिंग’ म्हणतात हे त्यांना माझ्याकडूनच कळलं, आणि तो शब्द त्यांना आवडला नाही. त्यांच्या दृष्टीने ही माणसं खोकं घ्यायला येतात. ते खरंही आहे. कोणीही काहीही बनवायला लागलं, साबण, उदबत्ती, फराळ, मातीचे दिवे, की पहिल्या महिन्यात त्याला खोकं लागतं. आणि खोकेवाले त्याला उभं करत नाहीत. छापील खोक्याचे ठसे बनवायचे, मशीन लावायचं, रंग जुळवायचा, तर हजाराच्या आत कोणाला परवडत नाही. नव्या माणसाला पन्नास हवे असतात.

ताई पन्नास देतात. कसं जमतं, हे मी एकदा खोदून विचारलं. रीळाच्या रुंदीत मोठ्या ऑर्डरचे तक्ते बसवले की कडेला पट्टी उरते. ती पट्टी इतर ठिकाणी रद्दीत जाते. ताईंनी त्या पट्टीत बसतील अशी चार-पाच मापं ठरवून ठेवली आहेत. साधी, बिनछापील खोकी. नाव हवं असेल तर स्टिकर लावा. म्हणजे चाकणच्या एखाद्या गिअरबॉक्सच्या खोक्याच्या कडेला वारज्यातल्या एखाद्या मुलीचा धंदा कापला जातो. दानधर्म म्हणाल तर नाही, नफाही म्हणावा असा नाही.

वारज्याची मुलगी खरीच आहे. नाचणीची बिस्किटं करायची. मी त्या दिवशी सह्या घ्यायला गेले होते. तिने कागदावर माप लिहून आणलं होतं.

“हे माप कुठलं घेतलंस?” ताई म्हणाल्या.

“खोक्याचं.”

“आतलं का बाहेरचं?”

“बाहेरचं.”

“बिस्किटं बाहेर ठेवणारेस का?”

मग टेप काढली, बिस्किटांचं पाकीट आडवं-उभं मोजलं, कटरने एक नमुना कापला, घडी घालून तिच्या हातात दिला. पुठ्ठ्याच्या आत ज्या नळ्या असतात त्या खोक्यात उभ्या यायला हव्यात, आडव्या आल्या तर थप्पीतलं खालचं खोकं बसतं, हे तिला बोटाने दाबून दाखवलं. एवढं झाल्यावर खरी शाळा सुरू झाली. एका पाकिटामागे किती सुटतात? मुलीने नाचणी, तूप, गूळ, पाकीट, ओव्हनची वीज सगळं मांडलं होतं. अन्न परवान्याची नोंदणी केलेली. वर्षाला १२ लाखांच्या आतली उलाढाल म्हणून तेव्हा साधी नोंदणी पुरायची, हेही तिला माहीत होतं. हुशार मुलगी.

“आणि तू?” ताईंनी विचारलं.

“मी काय?”

“पहाटे उठून भाजतेस ते फुकट? उद्या तुझा पाय मोडला तर जी बाई ठेवशील तिला काय देशील? तो आकडा लिही. नवऱ्याच्या गाडीचं पेट्रोल लिही.”

लिहिल्यावर सुटणारे पैसे संपले, वर खिशातले चार गेले. मुलगी म्हणाली, भाव वाढवला तर गिऱ्हाइकं जातील. ताई म्हणाल्या, “तोट्यातलं गिऱ्हाईक गेलं तर पेढे वाट.”

स्वतःची मजुरी न धरणं हा रोग मी पेठांपासून पिंपरीपर्यंत बघितलाय, आणि तो बायकांमध्ये जास्त आहे. घरकामाची मजुरी कधी कोणी धरली नाही, तर तेच हात विकायचं काही करायला लागल्यावर कोण धरणार? दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या कितीतरी बायका नोव्हेंबरमध्ये पाठदुखी आणि हातात राहिलेले थोडे पैसे घेऊन बसतात आणि त्याला ‘बरं झालं यंदा’ म्हणतात.

आम्हा पेठेतल्या लोकांचं आणखी एक. या शहराने बाईला शिकवायचं काम फार लवकर हाती घेतलं. १८९६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम, जो पुढे हिंगण्याला गेला, १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांचं सेवासदन. शिवण, नर्सिंग, शिक्षिकेचं प्रशिक्षण. विधवा बाईला कोणापुढे हात पसरावा लागू नये ही तळमळ. त्या काळात ते केवढं धाडस होतं हे वेगळं सांगायला नको. पण त्यातून आमच्या घरांमध्ये जे उतरलं ते ‘मुलीने शिकून नोकरी करावी’ एवढंच. धंदा म्हणजे फसवणूक नाहीतर फसगत, अशी समजूत. माझ्या आजोळी ‘आपल्यात धंदा करत नाहीत’ हे वाक्य ‘आपल्यात मांसाहार करत नाहीत’च्या सुरात म्हटलं जाई. धंद्याचं लागतं ते शिक्षण, उधारी कोणाला द्यायची, नाही कसं म्हणायचं, चेक वटला नाही तर पहिला फोन कोणाला करायचा, हे कुठल्या सदनात मिळालं नाही. ते ताईंसारख्यांच्या शेडमध्ये, गुरुवारी, मिळालं तर मिळालं.

माहेरचा विषय निघाला की ताईंचा आवाज चढतो. माण तालुक्यातल्याच म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितलीय की आता मीच ती लोकांना सांगते. मुंबईत वाढलेल्या चेतना गाला-सिन्हा लग्न होऊन म्हसवडला आल्या. रस्त्याकडेला पाल ठोकून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी छपरावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी पैसे साठवायचे होते. बँका तिचं खातं उघडेनात, रक्कम फार छोटी म्हणून. मग बायकांची स्वतःची बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला, कारण सभासद निरक्षर, अर्जावर अंगठे. बायका अक्षरं शिकल्या आणि परत गेल्या. म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नव्हतं, मोजता येत होतं. तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटर द्या, आम्ही तोंडी व्याज काढतो, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. २०१८ मध्ये चेतनाताई दावोसच्या जागतिक परिषदेच्या सहअध्यक्षांपैकी एक होत्या. ताईंना दावोसचं फारसं नाही. अंगठ्यांचं आहे.

आकड्यांकडे येते, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशातल्या व्यवसायांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांच्या मालकीचे निघाले, ८० लाखांच्या घरात. छोट्या धंद्यांना कर्ज देणारी मुद्रा योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिची बहुसंख्य खाती स्त्रियांची आहेत, पण पुष्कळशी ‘शिशु’ गटातली, म्हणजे ५० हजारांच्या आतली. त्यात शिलाई मशीन येतं, पिनिंगचं चांगलं मशीनही धड येत नाही. आणि मालकीचे आकडे मी थोडे हातचे राखून वाचते. माझ्याकडे ‘प्रोप्रायटर’ म्हणून बाईचं नाव असलेल्या फायली बऱ्याच आहेत. त्यातल्या काहींचे मालक मला वर्षातून एकदा, सहीपुरते भेटतात. कंपनीत नोकरीला असलेल्या नवऱ्याला स्वतःच्या नावावर धंदा करता येत नाही किंवा सवलत बाईच्या नावावर आहे, म्हणून बायको मालक. गणनेत दोघी सारख्याच मोजल्या जातात.

मदतीच्या जागा पुण्यात नाहीत असं नाही. उद्योजकांची संघटना असलेलं मराठा चेंबर १९३४ पासून आहे. पाषाणला एनसीएल या रसायनशास्त्राच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या आवारात, विज्ञानावर आधारलेल्या नव्या धंद्यांना जागा देणारं व्हेंचर सेंटर आहे, पर्सिस्टंटच्या आनंद देशपांड्यांनी सुरू केलेलं देआसरा छोट्या धंद्यांना कागदपत्रांपासून मार्केटिंगपर्यंत हात देतं. ताई या ठिकाणी लोकांना पाठवतात, स्वतः जात नाहीत. आणि इथे माझं त्यांच्याशी थोडं वाजतं. त्यांचा एकच निकष: तीन महिन्यांत पहिलं बिल फाडलं पाहिजे. हिंजवडीतून एक मुलगा आला होता, आजारांच्या तपासणीचं काही उपकरण करायचं होतं, पहिली विक्री दोन वर्षांनी. ताईंनी त्याला अर्ध्या तासात वाटेला लावलं. मला ते बरोबर वाटलं नाही. बिस्किटाची मोजपट्टी त्या उपकरणाला लावून चालणार नाही; त्याला व्हेंचर सेंटरसारखी, वाट बघणारी जागाच हवी. ताई म्हणाल्या, “मला जे येत नाही ते मी शिकवत नाही.” उत्तर चोख होतं. मुलगा हिरमुसून गेला तो गेलाच.

सगळ्यात जास्त बोलणी ताईंनी खाल्ली ती शेडमधल्याच एका बाईवरून. पिनिंगवर होती, हात फार जलद. स्वतःचं काही करायचं तिच्या मनात आलं तेव्हा ताईंनी शेडमधलं जुनं मशीन तिला हप्त्यांवर दिलं. हप्ते जॉब वर्कच्या बिलातून वळते करायचे. घरातून विरोध झाला, मीही कपाळाला आठ्या घातल्या. वर्षभरात तिने ताईंचंच एक गिऱ्हाईक कमी भावात घेतलं. शेजारच्या शेडवाल्यांनी ‘साप पाळलात’ म्हणून झालं. मला वाटलं आता हप्ते वाजवून वसूल करतील. ताईंनी तिला बोलावून एवढंच विचारलं, “कितीला दिलंस?” तिने भाव सांगितला. ताईंनी कागद ओढला आणि हिशेब मांडला: कापताना जी तूट जाते ती तिने धरलीच नव्हती. दर खोक्यामागे पैसे जात होते आणि तिला वाटत होतं धंदा वाढतोय. “ह्या भावात तू सहा महिन्यांत बसशील, आणि माझे हप्ते कोण देईल?”

तिने भाव वाढवून मागितला. गिऱ्हाइकाने थोडा दिला. ते गिऱ्हाईक ताईंकडे परत आलं नाही, आजही नाही. हप्ते मात्र पूर्ण फिटले. आता ताईंकडे जादा काम आलं की ते तिच्या शेडला जातं आणि तिचं बिल क्रेडिटर्सच्या यादीत इतरांसारखंच पंधरवड्यात निघतं. मी असते तर दिलं असतं का? नाही.

२०२१ चं वर्ष वाईट गेलं. आपल्याला टाळेबंदी आठवते, खोकेवाल्यांना कागद आठवतो. खोक्यांना लागणारा क्राफ्ट कागद रद्दीपासून होतो. चीनने त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून टाकाऊ मालाची आयात पूर्ण बंद केली. तिकडच्या गिरण्यांना रद्दी मिळेना, म्हणून त्या इकडचा तयार कागदच उचलायला लागल्या. त्यात महासागरावरचं भाडं वाढलेलं. भाव आठवड्याला बदलायचे आणि मोठी गिऱ्हाइकं जुन्या दराच्या ऑर्डरीवर बोट ठेवून बसायची. त्या वर्षी पहिल्यांदा ताईंच्या छोट्या पुरवठादारांची बिलं तिसाव्या-पस्तिसाव्या दिवसावर गेली. त्यांनी प्रत्येकाला फोन करून तारीख सांगितली आणि त्या तारखेला पैसे दिले. कर्ज काढून दिले. व्याजाची नोंद मी केली.

या सगळ्यात माझी स्वतःची एक अडचण आहे, ती उचलीची. ताई नव्या लोकांना रोख मदत करत नाहीत. पण जो त्यांना माल पुरवू शकेल त्याला मालापोटी आगाऊ रक्कम देतात. व्याज घेत नाहीत. व्याज घेऊन पैसे द्यायला लागलो तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागेल, हे मी त्यांना सुरुवातीलाच बजावलंय. वीस हजार किंवा त्यावरचं कर्ज रोखीत नको, हेही. म्हणून सगळं बँकेतून, ‘ॲडव्हान्स टू सप्लायर्स’ या नावाखाली. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा कापडी पिशव्या शिवायला निघालेल्या दोघी-तिघींना अशी उचल दिली होती; शेडच्या किरकोळ विक्रीसाठी पिशव्या घ्यायच्या होत्या. बंदीची धार बोथट झाली, पातळ पिशव्या मंडईत परत दिसायला लागल्या, आणि शिवणाऱ्यांपैकी एकीचं मशीन थांबलं. तिची उचल तशीच राहिली.

पुण्यात उद्योगातल्या बायकांचा विषय निघाला की अनु आगा यांचं नाव येतं, यायलाच हवं. १९९६ मध्ये पती गेल्यावर बॉयलर बनवणाऱ्या थरमॅक्सची धुरा घेतली, पुढच्याच वर्षी मुलगाही गेला, कंपनी तोट्यात गेली तरी ती सावरली आणि २००४ मध्ये अध्यक्षपद मुलीकडे, मेहेर पदमजींकडे देऊन शिक्षणाच्या कामाला लागल्या. ताईंनी त्यांच्याबद्दल एकदाच काही म्हटलं: “वेळेत उठल्या खुर्चीवरून.” हल्ली ताईही उठायच्या विचारात आहेत. पुतणी शेडमध्ये येते, मशिनं तिला कळतात, गुरुवारची सुट्टी मात्र तिला सुट्टीसारखीच हवी आहे. ताई त्यावर काही बोलत नाहीत.

यंदा कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी बँकेला तक्ता द्यायचा होता. बँकेचा नवा अधिकारी जुन्या उचलींवर अडून बसला. तीन वर्षांच्या वरच्या सगळ्या बुडीत दाखवा, म्हणाला, ताळेबंद स्वच्छ दिसेल. मलाही ते पटत होतं. यादी घेऊन मी भोसरीला गेले, एकेक नाव वाचलं. ताईंनी दोन नावांवर मान हलवली, ती मी काढली. पिशव्यांवालीच्या नावाशी आले.

“हिची रक्कम बुडीत टाकू ना?”

“नको.”

“ताई, पाच वर्षांच्या वर होऊन गेली. पैसे येणारेत का?”

“न्हाई येणार. पण तिचा फोन येतो अजून.”

“कशाला?”

“आता लाडूंचं बघतेय. पावशेराला कुठलं खोकं बसेल, विचारत होती.”

मी तक्त्यात ते नाव ‘वसूल होण्याजोगी’ या रकान्यात ठेवलं. अधिकाऱ्याने तेवढी रक्कम वजा करूनच मर्यादा दिली.